गाण्याचें कपाट आणि त्याची किल्ली

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत कलकत्त्यास गौहरजान या विख्यात गायिकेनें एका रुंद कर्ण्याच्या तोंडाशीं बसून आपलें गाणें गाइलें. समोर ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग यंत्र चालवीत होता. तबकडींत तीन मिनिटांहून फारसें अधिक मावत नसे. म्हणून एरवीं तासभर फुलणारें गाणें तेवढ्या अवकाशांत आटोपावें लागे. गाणें संपतांच गौहरजान आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारीत असे. याचें कारण असें कीं, त्या तबकड्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापल्या जावयाच्या होत्या, आणि हें गाणें कोणाचें हें तेथील कारागिरांना ओळखतां यावयास हवें होतें. गाणें जपावयाचें तर त्यासोबत त्याचें नांवगांवही जपलें पाहिजे, हा धडा हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रणाच्या आरंभींच मिळाला.

पुढें २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें आणि गाणें घरीं येण्याचा दुसरा मार्ग खुला झाला. तबकडी विकत घ्यावी, कपाटांत ठेवावी, हवी तेव्हां काढून लावावी, ही पहिली रीत. केंद्रानें नेमलेल्या वेळीं जें लागेल तें ऐकावें, ही दुसरी. पहिलींत निवड घरधन्याची, परंतु भांडार लहान. दुसरींत भांडार मोठें, परंतु निवड दुसऱ्याची. एकविसाव्या शतकांत या दोहोंचें मिश्रण होऊन तिसरी रीत रूढ झाली. तिला स्ट्रीमिंग म्हणतात. स्वीडनमधील स्पॉटिफाय ही सेवा ऑक्टोबर १९०० नंतर एकशेंआठ वर्षांनीं, म्हणजे २००८ सालीं सुरू झाली, व फेब्रुवारी २०१९ मध्यें ती भारतांत आली. तींत मागाल तें गाणें तत्काळ हजर होतें. मात्र कपाट परक्याच्या घरीं असतें आणि किल्ली परक्याच्या हातीं. ऐकणाऱ्याकडे राहतें तें दरमहाचें भाडें. भाडें थांबलें, वा मालकानें दुकान आवरलें, कीं घरांत कांहींच उरत नाहीं.

या स्थितीवर कांहीं लोकांनीं एक उपाय योजिला. आपलीं गाणीं आपल्याच संगणकावर ठेवावीं, तो संगणक घराच्या एका कोपऱ्यांत चालूं द्यावा, आणि त्यावरून घरांत वा प्रवासांत आपल्या टेलिफोनवर तीं ऐकावीं. तसेंच या संगणकाचें अंतरंग पाहण्याची व सुधारण्याची मुभा सर्वांना असावी. हा उपाय एका दिवसांत सुचलेला नाहीं. त्यामागें चाळीसांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाचें मर्म समजण्यास महाराष्ट्राच्याच एका थोर पुरुषाचें स्मरण उपयोगी पडेल. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. त्यांच्या काळीं उत्तमोत्तम चिजा गवयांच्या घराण्यांत बंदिस्त होत्या. उस्ताद त्या शिष्यालाही हातचें राखून देत. पुष्कळदा चीज जाणणाऱ्याबरोबरच ती चीजही जगांतून नाहींशी होई. भातखंड्यांनीं देशभर हिंडून शेंकडों चिजा मिळविल्या, त्यांना स्वरलिपि दिली आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत त्या छापून टाकिल्या. तेव्हांपासून ज्याला स्वरलिपि वाचतां येते त्याला चीज शिकतां येते, पाठभेद दाखवितां येतो, चूक सुधारतां येते. संगणकाच्या प्रोग्रॅमचेंही असेंच आहे. प्रोग्रॅम ज्या भाषेंत माणूस लिहितो तें मूळ लिखाण म्हणजे त्याची स्वरलिपि. तें लपवून केवळ यंत्राला कळेल असें रूप विकलें, तर घेणाऱ्याच्या पदरीं गाणें पडतें, चीज पडत नाहीं.

१९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेंत एक नवें छपाईयंत्र आलें. जुन्या यंत्रांत कागद अडकला कीं संबंधितांस तशी सूचना जावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन या तरुणानें मूळ लिखाणांत भर घालून केली होती. नव्या यंत्राचें लिखाण कोणी देईना. ज्याच्याजवळ तें होतें त्यानें, आपण गुप्ततेचें वचन दिलें आहे, असें सांगून नकार दिला. कारण क्षुल्लक, परंतु परिणाम मोठा झाला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमननें ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. संगणक चालविण्यास लागणारी सर्व सामग्री नव्यानें लिहावयाची आणि ती सर्वांना खुली ठेवावयाची, असा त्याचा संकल्प होता. १९८९ सालीं त्यानें एक परवाना सिद्ध केला. हें लिखाण कोणीही वापरावें, अभ्यासावें, बदलावें, वाटावें. मात्र बदललेलें लिखाण वाटतांना पुढील माणसासही हेच अधिकार द्यावेत, अशी त्यांत अट आहे. या एका अटीचें महत्त्व पुढें दिसेल.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानें, आपण केवळ हौसेखातर संगणकाचा एक गाभा लिहीत आहों, असें जाहीर केलें. हाच लिनक्स. १९९२ सालीं तो स्टॉलमनच्या परवान्याखालीं आला आणि ग्नूच्या सामग्रीस जो गाभा हवा होता तो मिळाला. १९९३ मध्यें स्लॅकवेअर व डेबियन हे संच निघाले. परंतु या संगणकाला अद्याप गृहस्थाच्या घरांत शोभेलसें मुख नव्हतें. पडद्यावर चौकटी दाखविणारी एक्स ही यंत्रणा १९८४ पासून होती. पण तिच्यावरील प्रत्येक प्रोग्रॅमची चाल निराळी, बटणें निराळीं, वळण निराळें. जर्मनींतील ट्युबिंगेनचा विद्यार्थी माथियास एट्रिख याच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या मैत्रिणीस हें यंत्र कधींच वापरतां येणार नाहीं. म्हणून ऑक्टोबर १९९६ मध्यें त्यानें केडीई हा डेस्कटॉप उभारण्यास सोबती बोलाविले.

येथें तत्त्वाचा एक वाद उभा राहिला. केडीई ज्या क्यूटी नामक पायावर उभा होता तो एका नॉर्वेजियन कंपनीचा असून त्याचा परवाना पुरता मुक्त नव्हता. घर आपलें, पण जोतें दुसऱ्याचें, हें अनेकांना रुचलें नाहीं. ऑगस्ट १९९७ मध्यें मेक्सिकोचे मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनीं ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप आरंभिला. तीनच वर्षांनीं, २००० सालीं, क्यूटीही मुक्त परवान्याखालीं आली. वादाचें मूळ कारण मिटलें, पण दोन्ही डेस्कटॉप टिकले. पुढें २०११ मध्यें ग्नोमनें आपलें रूप आमूलाग्र पालटलें तेव्हां ज्यांना जुनेंच वळण हवें होतें त्यांनीं तें जुनें लिखाण उचलून माटे या नांवानें चालू ठेविलें. ज्यांचा हात जुन्या वळणाला बसला होता त्यांना तें सोडण्याची सक्ती करण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता.

ऑक्टोबर २००४ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकारानें उबुंटू हा संच निघाला. मागेल त्याच्या पत्त्यावर त्याची तबकडी टपालानें फुकट येई. भारतांतील असंख्य विद्यार्थ्यांनीं लिनक्स प्रथम पाहिला तो असा. मात्र तबकडी घालून संगणक सुरू केल्यावर गृहस्थाची पहिली निराशा बहुधा गाण्याच्याच बाबतींत होई. संगणक चाले, पडदा उजळे, आणि गाण्याच्या फाइलीवर बोट ठेवतांच ती वाजविण्याची सोय नाहीं, अशी सूचना येई. याचें कारण कसबांत नसून कायद्यांत होतें.

तें असें. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं ध्वनि संक्षेपानें साठविण्याची जी रीत सिद्ध केली तिला जुलै १९९५ पासून एमपीथ्री हें नांव पडलें. तबकडीवरील शुद्ध ध्वनीस दर मिनिटाला सुमारें दहा मेगाबाइट जागा लागते. या रीतीनें तें काम एका मेगाबाइटांत भागूं लागलें. परंतु या रीतीवर पेटंट होतें, आणि १९९८ मध्यें त्याबद्दल शुल्क मागण्यांत येईल असें दिसूं लागलें. फुकट वाटल्या जाणाऱ्या संचानें हें शुल्क कोठून भरावें? क्रिस माँटगोमेरी यांनीं तेव्हां व्हॉर्बिस ही खुली रीत जोमानें पुढें नेली. तिची पहिली पूर्ण आवृत्ति जुलै २००२ मध्यें आली. त्याआधीं जुलै २००१ मध्यें जॉश कोलसन यांची फ्लॅक ही रीत पूर्ण झाली होती. फ्लॅकमध्यें ध्वनीचा एक कणही टाकून दिला जात नाहीं, तरी जागा साधारण निम्मी होते. एमपीथ्रीच्या परवान्याचा कारभार एप्रिल २०१७ मध्यें आटोपला आणि ही अडचण कायमची दूर झाली.

दुसरी निराशा ध्वनियंत्राची. एका काळीं लिनक्सवर एखादा प्रोग्रॅम ध्वनियंत्र धरून बसला कीं दुसऱ्यास तोंड उघडतां येत नसे. गाणें चालू असतांना आलेल्या निरोपाची घंटा मुकीच राही. २००३ च्या अखेरीस आल्सा ही व्यवस्था गाभ्यांत आली, मग पल्सऑडिओ आला. त्यानें अनेक आवाज एकत्र केले, पण आरंभीं त्याच्या अडखळण्यानें लोक मेटाकुटीस आले. २०२१ पासून विम टायमन्स यांचा पाइपवायर प्रमुख संचांतून रूढ होऊं लागला आणि ही कटकट बरीचशी निवाली. मुक्त सॉफ्टवेअरचे गुण सांगतांना हीं दुखणीं झांकून ठेवणें योग्य नव्हे. ज्यांनीं हा मार्ग पत्करला त्यांच्या अनेक संध्याकाळीं गाणें ऐकण्यांत नव्हे, तर आवाज कां येत नाहीं हें शोधण्यांत गेल्या आहेत.

मराठी घरापुढें तिसरा प्रश्न होता तो लिपीचा. यादींत पदाचें नांव देवनागरींत दिसावें ही इच्छा साधी दिसते. पण १९९६ सालच्या पहिल्या आयडीथ्री पद्धतींत गाण्याच्या नांवास तीस वर्णांची जागा होती, आणि तीही रोमन वर्णांची. १९९१ मध्यें युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व जगांतील लिप्यांना एकाच कोष्टकांत घरें मिळालीं. त्यांत मराठीचा एक नाजूक प्रश्न होता. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे शब्द शाळेंतील मुलांनाही ठाऊक आहेत. रफार चुकला तर गुरूला द्यावयाची दक्षिणा स्वयंपाक्याच्या हातीं जाते. हिंदीला हा भेद लागत नाहीं, मराठीला लागतो. म्हणून युनिकोडमध्यें ‘ऱ’ या अक्षराच्या साहाय्यानें तो राखण्यांत आला. २००४ मध्यें रेड हॅट कंपनीनें पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून घडविलेले लोहित नांवाचे टंक मुक्त केले. लोहित म्हणजे तांबडा. पुढें त्या मालेंत मराठीचाही टंक आला. ग्नोम व केडीई या दोन्ही डेस्कटॉपांचीं मराठी भाषांतरें झालीं. बाजारांत मागणी किती, हें विचारीत न बसतां ज्यांना आपल्या भाषेची आस्था होती त्यांना हें काम करतां आलें, कारण मूळ लिखाण हातीं होतें.

आतां घरगुती सर्व्हरची हकीकत. घरच्या संगणकावरून लहानसें नभोवाणी केंद्र चालवितां यावें म्हणून आइसकास्ट हा प्रोग्रॅम १९९९ च्या सुमारास पुढें आला. अँपॅश हा २००१ चा. म्युझिक प्लेयर डीमन २००३ चा. नॉर्वेच्या सिंद्रे मेहुस यांनीं सबसॉनिक लिहिला आणि घरचें भांडार व खिशांतला टेलिफोन यांच्यांतील संभाषणाची एक सुटसुटीत रीत घालून दिली. २०१६ मध्यें सबसॉनिकचें पुढील लिखाण खुलें ठेवण्याचें थांबलें. बंदिस्त मालाच्या बाबतींत येथेंच कथा संपली असती. परंतु तोंवरचें लिखाण स्टॉलमनच्या परवान्याखालीं असल्यानें त्यास फांदी फोडण्याचा हक्क सर्वांना होता. त्यांतून लिब्रेसॉनिक व नंतर एअरसॉनिक निघाले. संभाषणाची रीतही टिकली. २०२० मध्यें पुढें आलेला नॅव्हिड्रोम हा अगदीं नव्यानें लिहिलेला सर्व्हर तीच भाषा बोलतो. डिसेंबर २०१८ मध्यें एम्बी नामक सर्व्हर बंदिस्त झाला तेव्हां त्याच रीतीनें जेलिफिन जन्मास आला. स्क्वीझबॉक्स नांवाचीं वाद्ययंत्रें बनविणें २०१२ मध्यें बंद झालें, आणि त्यांची मध्यवर्ती सेवाही २०२४ मध्यें आवरली. तरी त्यांचा घरीं चालणारा सर्व्हर खुला असल्यामुळें तीं जुनीं यंत्रें आजही गातात.

उलट बाजूचीं उदाहरणें पाहावीं. मायक्रोसॉफ्टनें एप्रिल २००८ मध्यें कळविलें कीं, एमएसएन म्युझिकमधून लोकांनीं विकत घेतलेलीं गाणीं नव्या संगणकावर उघडण्याची परवानगी यापुढें मिळणार नाहीं. ओरड झाल्यावर मुदत वाढविण्यांत आली, इतकेंच. मायस्पेसनें मार्च २०१९ मध्यें मान्य केलें कीं, पूर्वीच्या बारा वर्षांत लोकांनीं तेथें ठेवलेलें संगीत सामानाच्या हलवाहलवींत नष्ट झालें. गूगल प्ले म्युझिक डिसेंबर २०२० मध्यें बंद झालें. यांतील प्रत्येक ठिकाणीं कपाट भरलेलें होतें. उणीव होती ती किल्लीची.

या सर्वांचा मराठी गृहस्थाशीं संबंध काय? पुष्कळ घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. तींत कॅसेटी असतात: नभोवाणीवरून टिपलेलीं नाट्यपदें, गणेशोत्सवांतील एखादी मैफल, देवळांतील कीर्तन, आणि क्वचित् आजीनें जात्यावरच्या ओव्या म्हटल्या तेव्हां कोणी सहज दाबलेलें बटण. पहिल्या प्रकारचीं गाणीं भाड्याच्या भांडारांत कदाचित् सांपडतील. आजीचा आवाज जगांतील कोणत्याही कंपनीच्या यादींत नाहीं. तो त्या एका फितीवर आहे, आणि फीत बुरशीनें व काळानें झिजत आहे.

असा संग्रह संगणकावर घेण्याचें काम सोपें असलें तरी सावकाशीचें आहे. साठ मिनिटांची कॅसेट उतरविण्यास साठ मिनिटें लागतात. तेथें घाई चालत नाहीं. फ्लॅकच्या रीतीनें एक टेराबाइटाच्या तबकडींत अडीच-तीन हजार तासांचें संगीत मावतें. त्यासाठीं महागडें यंत्रही नको. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि अनेक धडधाकट संगणक घरांत निरुपयोगी ठरले. लिनक्स घातल्यास त्यांतील एखादा हें काम वर्षानुवर्षें करील. २०१२ मध्यें निघालेला तळहाताएवढा रास्पबेरी पाय देखील पुरतो.

मग नांवें घालण्याचें काम येतें, आणि येथें गौहरजानची आठवण होते. पाश्चात्त्य प्रोग्रॅम ‘कलाकार’ व ‘अल्बम’ हे दोनच रकाने प्रमुख मानतात. नाट्यपदास नाटक, पदकर्ता, राग व गायक हीं चारही लागतात. व्हॉर्बिस व फ्लॅकमध्यें आपल्याला हवा तो नवा रकाना जोडतां येतो, म्हणून ‘राग’ हा रकाना घरच्या घरीं उघडतां येतो. ख्याल विलंबितांतून द्रुतांत जातांना दोन फाइलींच्या मध्यें क्षणभर शांतता पडते, तीही योग्य सोय निवडून टाळतां येते. एक मर्यादा मात्र पाळली पाहिजे. भारताच्या १९५७ च्या कायद्यान्वयें ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षें राहतो. घरचें कपाट घरच्यांसाठीं असतें, तें बाजारांत मांडूं नये.

हा मार्ग सर्वांसाठीं आहे असें म्हणणें धाडसाचें होईल. ज्याला नित्य नवें गाणें हवें आणि देखभालीस सवड नाहीं, त्यानें भाडें भरावें. त्यांत गैर कांहीं नाहीं. घरच्या सर्व्हरचा धनी घरचाच नोकरही असतो. वीज गेली, तबकडी कुरकुरूं लागली, वा बाहेरगांवाहून घरच्या यंत्राशीं गांठ पडेनाशी झाली, तर कोणाकडे तक्रार करावी? तबकडी आज ना उद्यां बिघडणारच. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या तबकडीवर, आणि शक्य तर तिसरी दुसऱ्या गांवीं बहीण-भावंडांच्या घरीं ठेवावी.

याहून मोठें संकट निराळें आहे. बहुतेक घरांत हें सर्व जाणणारा माणूस एकटाच असतो. सांकेतिक शब्द त्याच्या मनांत, प्रतींची जागा त्याच्या ध्यानांत, नांवें घालण्याची पद्धत त्याच्या अंगवळणीं. तो गेला कीं यंत्र कांहीं दिवस चालतें, मग एके दिवशीं थांबतें. आणि घरच्यांना ती कोपऱ्यांतील पेटी काय होती हेंही नीटसें सांगतां येत नाहीं. परक्याच्या हातची किल्ली टाळण्यासाठीं ज्यानें आयुष्यभर खटपट केली, तोच नकळत जुन्या उस्तादासारखा चीज सोबत घेऊन जातो. मुक्त परवान्यानें मूळ लिखाण सुरक्षित राहिलें, पण आजीच्या ओव्यांचें रक्षण परवाना करीत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असें कपाट आहे त्यांनीं एक साधी चोपडी घालावी. यंत्र कसें सुरू करावें, प्रती कोठें आहेत, शब्द कोणता, कोणत्या फितीवर कोणाचा आवाज, कोणत्या सालीं, कोणत्या प्रसंगीं, हें शुद्ध मराठींत लिहून ठेवावें. ती चोपडी घरांतील दुसऱ्या माणसाकडून एकदां वाचून घ्यावी, आणि त्याच्याच हातून यंत्र एकदां बंद करून पुन्हां सुरू करवावें. तें त्याला साधलें, तर किल्ली घरांत आहे असें समजावें.